श्वासासवे हलणारी गाठ आणि सोन्याची खूण

मोठ्या शहरातील रुग्णालयातून परतलेल्या एखाद्या वडीलधाऱ्या आप्ताच्या कागदपत्रांत अलीकडे एक अनोळखी शब्द आढळतो : 'फिड्यूशियल मार्कर'. घरातील शिकलेली सून किंवा नातू तो कागद वाचून सांगतो, की आबांच्या फुफ्फुसातील गाठीवर किरणोपचार करावयाचे आहेत. परंतु त्याआधी गाठीच्या आसपास सोन्याचे तीन-चार बारीक कण सुईने बसवावे लागतील. ऐकणाऱ्यांच्या मनात एकदम प्रश्नांची गर्दी होते. सोने कशासाठी? सुईने गाठ डिवचली तर रोग पसरणार नाही ना? ते कण पुढे काढून घेतात, की तसेच राहतात? आणि सर्वांत अवघड प्रश्न स्वयंपाकघरात, हलक्या आवाजात विचारला जातो : आबांना हे सारे सांगावयाचे का?

या प्रश्नांची उत्तरे सामान्य वाचकाला समजतील अशा भाषेत द्यावीत, एवढाच आमचा हेतू आहे. प्रत्येक रुग्ण निराळा असतो. तेव्हा हा लेख वैद्याच्या सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही. मात्र वैद्यापुढे बसताना काय विचारावे, हे ठाऊक असलेले कुटुंब निम्मी भीती उंबऱ्याबाहेर ठेवून येते, असे आम्हांस वाटते.

नेम चुकण्याचे कारण

किरणोपचाराचे मूळ तत्त्व साधे आहे. जर्मनीतील व्युर्झबुर्ग येथे विल्हेल्म राँटगेन यांनी १८९५ साली क्ष-किरणांचा शोध लावला, आणि त्यानंतर अल्पावधीतच या किरणांचा उपयोग रोगनिवारणासाठी होऊ लागला. किरण पेशीच्या गाभ्यातील जनुकद्रव्याला इजा करतात. ती इजा पुरेशी झाली, की पेशीची वाढ खुंटते आणि ती मरते. अडचण अशी, की रोगट पेशी कोणती आणि निरोगी कोणती, हे किरणांना कळत नाही. निरोगी पेशी दोन उपचारांमधल्या अवधीत काहीशा अधिक सावरतात, एवढाच काय तो आधार. म्हणून परंपरागत पद्धतीत फुफ्फुसाच्या गाठीला किरणांची मात्रा थोडी थोडी करून, सुमारे सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस दिली जाते. ग्रे हे किरणमात्रेचे माप होय. सुमारे ६० ग्रेची मात्रा ३० बैठकींत विभागण्याचा प्रघात आहे.

थोड्या बैठकींत मोठी मात्रा द्यावयाची, तर नेम अचूक हवा. आणि नेम धरण्यास फुफ्फुसाइतके अवघड स्थान शरीरात क्वचितच असेल. आपण मिनिटाला सुमारे पंधरा वेळा श्वास घेतो. रुग्ण अर्धा तास अगदी निश्चल पडून राहिला, तरी तेवढ्या वेळात त्याची छाती साडेचारशे वेळा वरखाली होते. छाती आणि पोट यांच्यामधले श्वासपटल खाली जाते, तसे फुफ्फुसही खाली ओढले जाते, आणि त्यातील गाठही त्याबरोबर सरकते.

ती किती सरकते, हे जपानमधील सप्पोरो येथील होक्काइदो विद्यापीठात प्रत्यक्ष मोजले गेले. वीस रुग्णांवरील त्या मोजणीचा वृत्तान्त २००२ साली प्रसिद्ध झाला. फुफ्फुसाच्या खालच्या भागातील, आसपासच्या घट्ट अवयवांना न चिकटलेल्या गाठी वरखाली सरासरी १२ मिलिमीटर हलत होत्या. वरच्या भागातील गाठींची हालचाल याहून पुष्कळच कमी, सरासरी २ मिलिमीटरच्या घरात होती. शिवाय अनेक गाठी श्वास घेताना एका वाटेने जात आणि सोडताना थोड्या निराळ्या वाटेने परतत.

आता एवढ्या हालचालीसाठी गाठीभोवती सर्व बाजूंनी मोकळी जागा धरून तेवढ्या साऱ्या भागावर किरण सोडावेत, असे कोणी म्हणेल. पण हिशेब करून पाहावा. २ सेंटीमीटर व्यासाच्या गोल गाठीभोवती सर्व बाजूंनी १ सेंटीमीटर जागा अधिक धरली, तर किरणांचा गोळा ४ सेंटीमीटर व्यासाचा होतो. व्यास दुप्पट झाला, पण आकारमान आठपट झाले. म्हणजे गाठ एक भाग, आणि तिच्यासोबत सात भाग निरोगी फुफ्फुस भाजून निघणार. ज्याचे फुफ्फुस आधीच धूम्रपानाने किंवा दम्याने क्षीण झाले आहे, त्याला हे परवडणारे नाही. सोन्याच्या खुणेची गरज उत्पन्न झाली, ती येथे.

मेंदूपासून फुफ्फुसापर्यंत

थोड्या बैठकींत, अनेक दिशांनी किरण एका ठिकाणी मिळवून गाठ नष्ट करावी, ही कल्पना प्रथम मेंदूच्या बाबतीत साकार झाली. स्वीडनमधील स्टॉकहोमचे मेंदूशल्यविशारद लार्स लेक्सेल यांनी १९५१ साली ती मांडली. कवटी धातूच्या चौकटीत घट्ट बसवता येते, आणि मेंदू कवटीच्या आत फारसा हलत नाही. त्यामुळे तेथे नेम साधणे शक्य झाले. छातीला अशी चौकट कशी बसवणार? त्याच स्टॉकहोममध्ये इंगमार लाक्स आणि हेन्रिक ब्लोमग्रेन यांनी १९९०च्या दशकात संपूर्ण धडासाठी चौकट तयार करून, पोटावर दाब देऊन श्वासाची हालचाल कमी करीत, फुफ्फुस व यकृत यांतील गाठींवर ही पद्धत वापरून दाखवली. डॉक्टर मंडळी आज तिला 'एस.बी.आर.टी.' म्हणतात.

तिचा गुण कोणास येतो, हेही पुढे नीट तपासले गेले. अमेरिकेत शस्त्रक्रिया न झेपणाऱ्या, परंतु रोग अद्याप फुफ्फुसातच मर्यादित असलेल्या ५५ रुग्णांना अवघ्या तीन बैठकींत ५४ ग्रेची मात्रा देण्यात आली. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षानुसार तीन वर्षांनंतर मूळ गाठ आटोक्यात राहण्याचे प्रमाण ९७.६ टक्के होते. मात्र तीन वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण ५५.८ टक्के होते, हेही येथे सांगितले पाहिजे. मूळ गाठ शमली, तरी रोग अन्यत्र डोके वर काढू शकतो; आणि या रुग्णांना वय, हृदयविकार, दमा अशी इतर ओझी होतीच. पुढे ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथील १०१ रुग्णांची जुन्या पद्धतीशी तुलना करणारी चाचणी झाली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत नव्या पद्धतीने उपचार झालेल्यांपैकी १४ टक्क्यांत गाठ त्याच जागी पुन्हा वाढली. जुन्या पद्धतीत हे प्रमाण ३१ टक्के होते.

या आकड्यांनी हुरळून जाऊन दोन गोष्टी विसरू नयेत. एक, ज्याची प्रकृती शस्त्रक्रिया सोसण्याजोगी आहे, त्याच्या प्राथमिक अवस्थेतील गाठीसाठी शस्त्रक्रिया हाच अद्याप पहिला मार्ग मानला जातो. दुसरी, हा उपचार मुख्यतः लहान आणि मर्यादित गाठींसाठी आहे. आपल्या देशात फुफ्फुसाचा कर्करोग बहुतांशी पसरल्यानंतरच उघडकीस येतो, आणि त्याचे एक कारण आपल्या परिचयाचेच आहे : छातीच्या फोटोत डाग दिसला, की तो क्षयाचा असावा असा समज होतो, आणि थुंकीच्या तपासणीत जंतू आढळलेले नसतानाही महिनोन् महिने क्षयाची औषधे चालू राहतात. क्षयाचा उपचार नेमाने घेऊनही डाग हटत नसेल, खोकल्यातून रक्त पडत असेल, वजन उतरत असेल, तर पुढील तपासणीचा आग्रह घरच्यांनीच धरावयास हवा. या लेखातील साऱ्या सोयी वेळेवर पोहोचणाऱ्यासाठी आहेत.

सोनेच का?

क्ष-किरणांच्या चित्रात हाडे ठळक दिसतात आणि मऊ भाग पुसट. फुफ्फुसातील लहान गाठ तर बरगड्यांच्या आणि हृदयाच्या छायेत पुष्कळदा हरवून जाते. उपचार चालू असताना क्षणाक्षणाला ती गाठ यंत्राला दिसावी कशी? तेव्हा असा विचार पुढे आला, की गाठ दिसत नसेल, तर तिच्या शेजारी दिसणारी वस्तू ठेवावी. ती हलेल तशी गाठ हलते असे धरावे.

या वस्तूसाठी सोने निवडले गेले, ते त्याच्या मोलासाठी नव्हे. सोने अतिशय घन आहे. पाण्याच्या एकोणीसपटीहून अधिक जड. त्यामुळे मोहरीहून बारीक कणही क्ष-किरणांच्या चित्रात ठळक ठिपक्यासारखा दिसतो. ते गंजत नाही, आणि शरीराशी त्याची कोणतीही रासायनिक कुरबूर होत नाही. चुंबकाकडे ते ओढले जात नाही. असा कण साधारणपणे १ मिलिमीटर जाड आणि ३ ते ५ मिलिमीटर लांब असतो. ३ मिलिमीटर लांबीच्या कणाचे वजन काढले, तर ते सुमारे ४५ मिलिग्रॅम भरते. म्हणजे आपल्या जुन्या सराफी मापाने एका गुंजेच्या तिसऱ्या हिश्शाहून किंचित अधिक. तेव्हा सोन्याच्या भावाने छाती दडपून जाण्याचे कारण नाही. खर्च होतो, तो यंत्राचा आणि हाताच्या कौशल्याचा.

सप्पोरो येथे हिरोकी शिराटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकाच्या अखेरीस जी योजना उभारली, तीत क्ष-किरण चित्रण सेकंदास तीस वेळा सोन्याच्या कणाचे स्थान टिपत असे. कण ठरवलेल्या जागी आला, की किरण सुरू. जागेवरून हलला, की बंद. दाराशी उभा असलेला पहारेकरी ओळख पटली म्हणजेच दार उघडतो, तसा हा प्रकार. अमेरिकेत स्टॅनफर्ड येथील मेंदूशल्यविशारद जॉन अ‍ॅडलर हे लेक्सेल यांच्याकडे शिकून आलेले. त्यांनी किरणयंत्रच यांत्रिक हातावर बसवले. त्याला 'सायबरनाइफ' असे नाव मिळाले. नावात सुरी असली, तरी कापाकापी काहीच नाही. या यंत्रात रुग्णाच्या छातीवर लुकलुकणारे लहान दिवे लावतात. कॅमेरे त्यांची हालचाल सतत पाहतात, तर क्ष-किरण चित्रे मधून मधून आतल्या कणांचे स्थान टिपतात. या दोहोंचा मेळ घालून यंत्र पुढील क्षणी गाठ कोठे असेल याचा अंदाज करते, आणि यांत्रिक हात श्वासाच्या लयीत गाठीबरोबर हलत राहतो.

कणांची संख्या तीन किंवा अधिक असावी, असा आग्रह का, हेही समजून घेणे अगत्याचे आहे. एका ठिपक्यावरून गाठ वर गेली की खाली, डावीकडे की उजवीकडे, एवढेच कळते; ती वळली की काय, हे कळत नाही. एका रेषेत नसलेले तीन ठिपके दिसले, म्हणजे वळणही ओळखता येते. शिवाय एखादा कण निसटला, तरी उरलेल्यांवर काम भागते.

तीन वाटा आणि एक धोका

कण आत पोहोचवण्याच्या वाटा तीन. पहिली बाहेरून : सी.टी. स्कॅनच्या चित्राकडे पाहत, त्वचा बधिर करून, बरगड्यांच्या मधून बारीक पोकळ सुई गाठीपर्यंत नेतात आणि तिच्यातून कण सोडतात. दुसरी आतून : नाकातोंडातून श्वासनलिकेत दुर्बीण घालून, गाठीजवळच्या बारीक नलिकांपर्यंत कण पोहोचवतात, अलीकडे दुर्बिणीला वाट दाखवणारी चुंबकीय मार्गदर्शक यंत्रणाही काही ठिकाणी उपलब्ध असते. तिसरी, कमी वापरातील, रक्तवाहिनीतून : मांडीतील शिरेतून बारीक नळी फुफ्फुसाच्या रोहिणीपर्यंत नेऊन धातूचे बारीक वेटोळे गाठीजवळच्या शाखेत ठेवतात.

बाहेरून सुई घालण्यात नेम चांगला साधतो, परंतु फुफ्फुसाच्या आवरणाला छिद्र पडते. त्या छिद्रातून हवा झिरपून छातीच्या पोकळीत साठली, तर फुफ्फुस काही अंशी मिटते. हा या वाटेचा मुख्य धोका. निरनिराळ्या रुग्णालयांच्या अहवालांत त्याचे प्रमाण फार बदलते. काही ठिकाणी ते शंभरात पंधरा-वीस आहे, तर काही ठिकाणी निम्म्यापर्यंत गेलेले आहे. यांतील पुष्कळ रुग्णांत हवा आपोआप शोषली जाते आणि केवळ देखरेख पुरते. काहींच्या छातीत मात्र नळी घालून हवा काढावी लागते आणि मुक्काम लांबतो. दुर्बिणीच्या वाटेत हा धोका पुष्कळ कमी. तेथे प्रश्न असतो तो कण टिकण्याचा. गुळगुळीत सरळ कण नलिकेतून निसटतो, कधी खोकल्याबरोबर बाहेरही पडतो. अमेरिकन वैद्यांच्या २०१० सालच्या एका अहवालात असे सरळ कण निम्म्याच्या आसपासच जागेवर राहिले, तर स्प्रिंगसारखे वेटोळे असलेले कण जवळजवळ सर्व टिकले.

येथे एक विचित्र पेच आहे. ज्याला शस्त्रक्रिया झेपत नाही, त्यालाच हा उपचार सुचवला जातो. आणि शस्त्रक्रिया न झेपण्याचे कारण बहुधा फुफ्फुसाची फुगलेली, जीर्ण झालेली स्थिती हेच असते. अशा फुफ्फुसाला सुई लागली, की हवा झिरपण्याचा संभव अधिक, आणि ती झिरपली तर सोसण्याची शक्ती कमी. म्हणजे जो रुग्ण खुणेसाठी सर्वांत योग्य, त्यालाच खुणेचा धोका सर्वांत मोठा. याचसाठी 'सर्वांना बसवतात, म्हणून आपणही बसवावे' असा विचार येथे चालत नाही.

कण बसवल्यावर लगेच किरणोपचार सुरू होत नाहीत, याचेही नवल वाटू नये. कण ऊतकात स्थिरावण्यासाठी सहसा पाच-सात दिवस जाऊ देतात, मग आखणीसाठी नवे सी.टी. स्कॅन घेतात. परगावाहून आलेल्या कुटुंबाने राहण्याची सोय त्या हिशेबाने करावी, अथवा मधल्या दिवसांत घरी परत जावे का, हे आधीच विचारून घ्यावे. या दिवसांत एकाएकी दम लागणे, छातीत टोचणे, खोकल्यातून रक्त येणे यांपैकी काहीही झाले, तर सकाळची वाट न पाहता जवळच्या रुग्णालयात जावे. कारण हवा काही वेळा एक-दोन दिवसांनीही साठते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर ती किती दिवस थांबवावयाची हे डॉक्टरांनीच सांगितले पाहिजे. स्वतःहून थांबवणे हृदयाला महागात पडू शकते.

खूण नको असेही म्हणता येते

सोन्याचा कण हा अनेक उपायांपैकी एक उपाय आहे, हे वाचकांनी ध्यानी धरावे. आज फुफ्फुसाच्या बहुसंख्य रुग्णांवर हा नेमका किरणोपचार कण न बसवताच होतो. श्वासाच्या निरनिराळ्या क्षणांची चित्रे एकत्र करणारे सी.टी. स्कॅन उपलब्ध आहे. त्यावरून गाठीची संपूर्ण फिरती जागा आखून घेतात. पोटावर पट्टा बांधून हालचाल कमी करता येते. रुग्णास दीर्घ श्वास घेऊन तो काही सेकंद रोखण्यास शिकवतात आणि तेवढ्याच अवधीत किरण सोडतात. काही यंत्रांना ठसठशीत गाठ कणाविनाही दिसते. गाठ वरच्या भागात असून जेमतेम हलत असेल, तर सुईचा धोका पत्करून मिळणारा लाभ अल्प असू शकतो. उलट गाठ लहान, खालच्या भागात, श्वासपटलाजवळ, भरपूर हलणारी असेल, आणि हाताशी असलेले यंत्र कणांच्या आधारेच तिचा मागोवा घेणारे असेल, तर खुणेने पुष्कळ निरोगी फुफ्फुस वाचते.

गाठीचे ठिकाण आणखी एका कारणाने महत्त्वाचे आहे. मोठ्या श्वासनलिकांच्या सुमारे २ सेंटीमीटर परिसरातील गाठींना तीन बैठकींची तीव्र मात्रा दिली असता गंभीर अपाय होतात, असे २००६ साली अमेरिकेतील अभ्यासातून दिसून आले. तेव्हापासून अशा गाठींसाठी मात्रा अधिक बैठकींत विभागून देतात. त्यामुळे शेजारच्या घरातील रुग्णाच्या तीन बैठकी झाल्या आणि आपल्या रुग्णास आठ सांगितल्या, यात कोणाची चूक किंवा लबाडी शोधू नये.

दोन जुने समज

सुई लावली की कर्करोग चाळवतो आणि पसरतो, ही समजूत आपल्या घरांतून खोल रुजलेली आहे. बायॉप्सीस नकार देऊन जडीबुटीच्या मागे लागलेली माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. सुईच्या वाटेवर रोगट पेशी रुजल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेली आहेत, परंतु फुफ्फुसाच्या बाबतीत ती अत्यंत विरळा आहेत. बायॉप्सी टाळल्याने होणारा विलंब मात्र मुळीच विरळा नाही. बायॉप्सी आणि कण बसवणे ही दोन्ही कामे काही वेळा एकाच बैठकीत करता येतात, म्हणजे सुईचा धोकाही एकदाच. तशी सोय आहे का, हे विचारण्यास संकोच करू नये.

दुसरा समज कण आत राहण्याविषयीचा. हे कण काढीत नाहीत. ते आयुष्यभर तेथेच असतात. ते वितळत नाहीत आणि दुखत नाहीत. या कणांतून किरणेही निघत नाहीत. काही अन्य रोगांत किरणोत्सर्गी कण शरीरात ठेवतात; त्यांच्याशी यांचा घोटाळा करू नये. खुणेचे कण बसवलेल्या आजोबांच्या मांडीवर नातवंड खुशाल बसू शकते. बाहेरून दिलेल्या किरणोपचाराचाही अंश रुग्णाच्या अंगात उरत नाही. पुढे कधी एम.आर.आय. तपासणी करावी लागली, तर कण कोणत्या धातूचे आहेत याचा कागद जवळ असावा, एवढेच.

आबांना सांगावे का?

आता त्या अवघड प्रश्नाकडे येऊ. आपल्या घरांत वडीलधाऱ्यांपासून रोगाचे नाव लपवण्याची रीत आहे. ती निष्ठुरपणातून आलेली नाही. 'त्यांना धसका बसेल' या मायेतून ती आलेली आहे. मोठा मुलगा डॉक्टरांना बाहेर गाठून 'त्यांच्यासमोर काही बोलू नका' असे सांगतो, आणि आत येऊन 'साधी सूज आहे, बाबा' असे म्हणतो. इतर उपचारांत हे नाटक कसेबसे निभावूनही जात असेल. या उपचारात ते निभावत नाही.

कारण येथे रुग्णाचा श्वास हाच उपचाराचा भागीदार आहे. सुई आत जात असताना 'श्वास रोखा' म्हटल्यावर रोखावा लागतो. त्या क्षणी आलेला खोकला किंवा हुंदका सुईची दिशा बदलू शकतो. आखणीच्या वेळी जसा श्वास घेतला, तसाच प्रत्येक बैठकीत घ्यावा लागतो. घाबरलेला माणूस भराभर आणि उथळ श्वास घेतो. मग यंत्राचा अंदाज चुकतो, यंत्र थांबते, बैठक लांबते, आणि भीती आणखी वाढते. आपल्यावर काय चालले आहे हे ठाऊक नसलेला, पण सर्वांचे चेहरे वाचणारा वृद्ध मनुष्य शांत श्वास कसा घेणार? सुईला संमती देणारी सहीदेखील त्याचीच असावी लागते. जो धोका त्याच्या छातीला आहे, तो पत्करावा की नाही हे ठरवण्याचा अधिकार त्याचा आहे. सर्व आकडे एकदम त्याच्यापुढे ओतावेत, असे आमचे म्हणणे नाही. जेवढे विचारतील तेवढे सांगावे; पण जे सांगावे, ते खरे सांगावे.

महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांपुढे याच बाबतीत आणखी एक गाठ आहे, ती भाषेची. बेळगावकडची माणसे बंगळूरला जातात, बडोद्याची अहमदाबादला, ग्वाल्हेरची दिल्लीला. आपण बाजारात आणि कचेरीत त्या त्या प्रांताची भाषा सफाईने बोलतो. पण घरातील आजीला यंत्राच्या खोलीत एकटीने पडून, ध्वनिवर्धकातून येणारी कानडी, गुजराती किंवा इंग्रजी सूचना ऐकून त्याच क्षणी श्वास रोखावयाचा असतो. किरण चालू असताना आत कोणालाही थांबता येत नाही. तेव्हा पहिल्या बैठकीपूर्वीच तेथील तंत्रज्ञांना भेटून सूचनांचे नेमके शब्द कोणते, हे विचारून घ्यावे, आणि घरी आजीकडून त्या शब्दांवर श्वास घेण्याचा व रोखण्याचा सराव करून घ्यावा. अथवा 'श्वास घ्या', 'रोखा', 'सोडा' हे तीन मराठी शब्द तंत्रज्ञांना लिहून द्यावेत. गोष्ट लहान आहे, पण आजीच्या ओळखीचा शब्द कानी पडला, की तिचा श्वास आपोआप संथ होतो.

डॉक्टरांपुढे बसताना

कागदावर लिहून न्यावेत असे प्रश्न आम्ही येथे एकत्र देतो. रोग फुफ्फुसापुरताच आहे हे कोणत्या तपासणीने ठरले, आणि शस्त्रक्रिया का नको? आमच्या रुग्णाची गाठ श्वासाबरोबर किती हलते, हे मोजले आहे का? कणांवाचून हा उपचार याच यंत्रावर किंवा अन्यत्र होऊ शकेल का? कण कोणत्या वाटेने बसवणार, आणि या रुग्णालयात किती जणांच्या फुफ्फुसात हवा साठली? हवा साठलीच, तर नळी घालण्याची सोय त्याच जागी, रात्रीही, आहे का? गाठ मोठ्या श्वासनलिकांच्या जवळ आहे का, आणि बैठकी किती? आयुष्मान भारत योजना २०१८ साली सुरू झाली, आणि २०२४ साली सत्तर व त्यापुढील वयाच्या सर्वांना, उत्पन्नाची अट न घालता, ती खुली झाली. तेव्हा हे रुग्णालय तीत आहे का आणि हा विशिष्ट उपचार तीत बसतो का, हेही दाखल होण्यापूर्वीच विचारावे.

चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. उलट, एखाद्या प्रश्नाला 'कणांची गरज नाही' असे उत्तर आले, तर एक सुई वाचली. 'गरज आहे, आणि ती या कारणाने' असे आले, तर रुग्ण समजून-उमजून टेबलावर झोपेल. मात्र हे प्रश्न मुलाने बाहेरच्या ओसरीत विचारू नयेत. आबांना शेजारी बसवून, त्यांच्या देखत विचारावेत. श्वास त्यांचा आहे, आणि तो कसा घ्यावयाचा हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणाच्याही हाती नाही.